मारिओची मध्यलय

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा माळा गेल्या उन्हाळ्यात आवरायला काढला, तेव्हा पितळी डब्यांच्या मागे व्हिडिओ गेमचं खोकं सापडलं. १९९५ च्या दिवाळीत बाबांनी ते मंगळ बाजारातून घासाघीस करून आणलं होतं. यंत्रावर कंपनीचं नाव नाही. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर मात्र ‘९९९९९९९ इन १’ असं ठळक छापलेलं. खरे गेम वीसेक, बाकी सगळी त्यांचीच पिलावळ. कॅसेट फुंकली, खोचली, जुना टीव्ही चाचपडत चॅनलवर आणला, आणि तीस वर्षांनी माजघरात मारिओ वाजला.

माझ्या घशाशी काहीतरी आलं. अकरा वर्षांचा भाचा शेजारी बसला होता. हाच गेम तो फोनवर खेळतो. तो म्हणाला, “मामा, हे एवढं हळू का वाजतंय?”

यंत्र म्हातारं झालं असणार, असं मी ठरवून टाकलं. गल्लीच्या टोकाला टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे नेलं. दुकानदाराने झाकण उघडलं, मीटर लावला आणि झाकण परत बसवलं. “मशीन बराबर छे, साहेब.” त्याचं बरोबर होतं. भाच्याचंही बरोबर होतं. चूक माझ्या आठवणीत होती, आणि ती तिथे पहिल्या दिवसापासून होती.

फोनवरचं स्टॉपवॉच लावून मोजलं. मूळ जपानी आवृत्तीत जो तुकडा ३० सेकंदांत संपतो, त्याला आमच्या यंत्रावर ३६ सेकंद लागतात. एवढा फरक वयामुळे पडत नाही. अशा यंत्राचा ताल एक क्वार्ट्झचा स्फटिक धरतो आणि तो कितीही जुना झाला तरी लाखात काही भाग इतकाच ढळतो. शिवाय कॅसेट प्लेअर हळू फिरला की गाण्याचा स्वरही खाली येतो. इथे लय उतरली होती, स्वर जवळजवळ जागच्या जागी होते.

आत्या तिथेच भाजी निवडत बसली होती. ती इथल्याच म्युझिक कॉलेजात गाणं शिकली. तिने ऐकता ऐकता सरगम लावली, “ग ग ग, सा ग, प, आणि मग मंद्रातला प.” मी तिला फोनवरचं मूळ ऐकवलं. “चीज तीच,” ती म्हणाली. “ही द्रुत आहे, तुझी मध्यलयीत आहे. नोटेशन एकच, गाणारा वेगळा.”

या कोड्याचं उत्तर आत्याच्या शेवटच्या वाक्यात होतं, तेव्हा मला ते कळलं नाही एवढंच.

ही कॅसेट आपल्या गाण्याच्या कॅसेटसारखी नसते. तिच्यात संगीत भरलेलं नसतं, भरायला जागाच नसते. १९८५ साली आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चित्रं, शत्रू, नाणी, बोगदे आणि संगीत धरून सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे. सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण तेवढ्या जागेत पाव सेकंदसुद्धा मावत नाही. म्हणून संगीतकार कोजी कोंदो यांचं संगीत त्यात लिहिलेलं आहे : हा स्वर, इतका वेळ, मग हा स्वर. बडोद्याला ही कल्पना नवी नव्हे. १८८६ साली इथे गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांनी चिजा स्वरलिपीत बांधून पुस्तकं छापली होती. पुस्तक गात नाही, गायला गळा लागतो. मारिओचा गळा म्हणजे यंत्रातली चिप.

मूळ जपानी यंत्र निन्टेन्डोचं फॅमिकॉम, १९८३ चं. त्यातली रिकोह कंपनीची २ए०३ ही चिप गेमही चालवते आणि गातेही. तिच्याकडे पाच आवाज असतात. त्यातले दोन चौकोनी लहरींचे. बटण चालू-बंद, चालू-बंद करावं तसा विजेचा दाब वर-खाली होतो, मधली चढण नाही. हे सेकंदाला ४४० वेळा झालं की एक स्वर ऐकू येतो. चालू आणि बंद हा वेळ निम्मा-निम्मा असेल तर मूळ स्वराबरोबर फक्त तिप्पट, पाचपट, सातपट वेगाचे असे विषम उपस्वर उमटतात आणि आवाज क्लॅरिनेटसारखा पोकळ लागतो. चालू वेळ पाव भाग केला की दुप्पट, तिप्पट असे उपस्वर हजर होतात (दर चौथा तेवढा गळतो) आणि आवाज नाकात बोलल्यासारखा चिरका होतो. त्या गेमची म्हणून जी चव आपल्याला आठवते, ती बरीचशी या दोन आवाजांची.

तिसरा आवाज त्रिकोणी लहरीचा. खरं तर तो त्रिकोण नसून ३२ पायऱ्यांचा जिना आहे. त्याचे उपस्वर झपाट्याने विरतात, म्हणून तो मऊ लागतो आणि बहुतेक वेळा खालच्या पट्टीत साथ धरतो. त्याला आवाज लहान-मोठा करण्याची सोयच नाही, एकतर वाजायचं नाहीतर गप्प बसायचं. चौथा आवाज खरखरीचा. १५ बिटांची एक साखळी स्वतःलाच ढकलत ३२,७६७ पावलांनी मूळ जागी येते, तोवर आकडे यदृच्छ वाटतात आणि कानाला ‘छिस्स’ ऐकू येतं. त्याचे बारीक तुकडे पाडले की झाला ताल. पाचवा आवाज छोट्या मुद्रित तुकड्यांसाठी, तो अनेक गेममध्ये वापरलेलाच नाही.

मर्यादेतून कला फुलते, असं या संगीताबद्दल नेहमी लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. आमच्या त्या पिवळ्या कॅसेटमधले निम्मे गेम ऐकवत नाहीत, मर्यादा त्यांनाही तीच होती. टाकाऊ ते आपण विसरलो, टिकाऊ तेवढं आठवतं आणि मग सगळा जमानाच सोन्याचा वाटतो. पण जे चांगले होते त्यांच्या युक्त्या खरोखर दाद देण्याजोग्या. दोनच सुरेल आवाजांतून तीन स्वरांचा मेळ हवा असेल तर एकच आवाज तीन स्वरांवरून सेकंदाला पन्नास-साठ वेळा पळवायचा. कान थकून त्यांना एकत्र धरतो आणि एक झिरमिरता मेळ ऐकू येतो. कमोडोर ६४ या संगणकाच्या संगीतकारांनी तर ही खूण आपली सहीच करून टाकली, कारण तिथे आवाज एकूण तीनच होते.

तर मग लय का उतरली? चिपला स्वर कधी बदलायचा हे कळायला घड्याळ लागतं. बहुतेक गेमनी त्यासाठी टीव्हीचा पडदा वापरला. पडदा एकदा रंगवून झाला की यंत्र नोटेशनमध्ये एक पाऊल पुढे जातं. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आलं ते पाल पद्धतीचं, म्हणजे ५० वेळा. पावलं तेवढीच, पण सेकंदाला ५० टाकायची. ३० सेकंदांचे ३६ झाले ते असे. मारिओही सहाव्या हिश्शाने हळू पळायचा, हळू उडी मारायचा. आमच्या वाड्यात माझ्या नावावर जे विक्रम होते, त्यांच्याबद्दल मी भाच्याला हल्ली काही सांगत नाही.

राहिला प्रश्न स्वराचा. स्वराची उंची पडद्यावर नाही, चिपच्या स्वतःच्या वेगावर ठरते. जपानी चिप १.७९ मेगाहर्ट्झवर चाले. युरोपात विकलेल्या अधिकृत यंत्रात २६.६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला १६ ने भागून १.६६ केलं होतं, म्हणून मुद्दाम दुरुस्त न केलेला गेम तिथे लयीतही उतरायचा आणि स्वरातही, अर्ध्या स्वराहून जास्त. आमच्या यंत्रात तसं झालं नव्हतं. तैवानच्या यूएमसी कंपनीने याच चिपच्या नकला केल्या, त्यांनी पाल देशांसाठी तोच स्फटिक १६ ऐवजी १५ ने भागला. उत्तर १.७७. मूळच्या इतकं जवळ की स्वर फक्त १६ सेंट उतरतो. सप्तकाचे सेंट १२००, श्रुती २२. म्हणजे एका श्रुतीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. १९१६ साली याच शहरात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा श्रुतींवरून विद्वानांचे कडाक्याचे वाद झाले होते. पण १६ सेंटांवर तेही भांडले नसते.

माझ्या यंत्रातली चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली गाडलेली आहे, तिच्यावरचं नाव वाचता येत नाही. पण लय सहाव्या हिश्शाने कमी आणि स्वर जागेवर, ही खूण त्याच घराण्याची. आणखी एक पुरावा मिळाला. काही नकली चिपांमध्ये चौकोनी लहरीचा निम्मा आणि पाव यांची अदलाबदल झालेली असते, दोन तारा उलट जोडल्यासारखी. फोनवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारं ॲप उघडून पाहिलं, तर मूळ चालीत जिथे दुप्पट उपस्वर नव्हता तिथे आमच्या यंत्रात तो ठसठशीत उभा. तीस वर्षं मी ज्या आवाजासाठी हळवा होत होतो, तो कोजी कोंदो यांनी योजलेलाच नव्हता.

इतका फरक आठवणीत टिकतो का, असं कुणीही विचारेल. १९९६ मध्ये डॅनियल लेव्हिटिन आणि पेरी कुक यांनी लोकांना आवडतं गाणं नुसत्या आठवणीवर गायला सांगितलं आणि मूळ ध्वनिमुद्रणाशी लय ताडून पाहिली. ७२ टक्के गायन मूळ लयीच्या ८ टक्के आत पडलं. त्यांनी गाणी मुद्दाम एकाच ध्वनिमुद्रणातून माहीत असलेली घेतली होती. गणपतीची आरती दर घरी वेगळ्या लयीत होते, तिची ‘खरी’ लय कोणती म्हणणार? गेमचं संगीत उलट आहे, दर वेळी केसाचाही फरक न पडता तेच. आणि आम्ही मरायचो पुष्कळ. मेलं की चाल पहिल्यापासून. त्यामुळे सुरुवातीचे स्वर हजारो वेळा ऐकलेले, आणि शेवटच्या किल्ल्यानंतर काय वाजतं हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

ताईला पुण्याला फोन केला. काही न सांगता म्हटलं, मारिओ गुणगुण. तिने पंचवीस वर्षांत तो गेम पाहिलेला नाही. तिचा तो तुकडा ३५ सेकंदांत संपला. एका ताईवरून विज्ञान सिद्ध होत नाही, पण मी तिला त्याबद्दल एक किलो भाकरवडी कबूल केली आहे. इथली.

घशाशी का येतं, याचाही थोडा माग लागला आहे. पेटर जनाटा यांनी २००९ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये पाहिलं, की स्वतःच्या आयुष्यातली आठवण जागी करणारं ओळखीचं गाणं लागलं की कपाळामागचा मध्यभागीचा पट्टा जास्त सक्रिय होतो. ‘मी’ विषयीच्या विचारांशी ज्याचा संबंध जोडला जातो, तोच हा भाग. चाल चांगली की वाईट, मूळ की नक्कल, याची चौकशी तिथे होत नसावी.

१९८५ ची ती चाल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतली. गेमच्या संगीताला तिथे मिळालेला हा पहिला मान. अर्थात घेतली ती द्रुत.

मध्यलय शोधून दिली ती भाच्याने. त्याच्या फोनवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये, देश निवडायची जागा आहे : जपान-अमेरिका, युरोप, आणि तिसरं नाव ‘डेंडी’. डेंडी म्हणजे १९९२ पासून रशियात विकलं गेलेलं याच घराण्यातलं नकली यंत्र. तिथली मुलंही आमच्यासारखीच ५० पावलांवर वाढली. भाच्याने डेंडी निवडलं. माजघरातलं यंत्र आणि फोन एकदम चालू केले, दोन्ही हातात हात घालून शेवटपर्यंत गेले. आत्याने भाजीची परात बाजूला ठेवून मांडीवर ताल धरला.

भाचा त्याच लयीत तिसऱ्या किल्ल्यापर्यंत एका दमात पोहोचला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मामा, एवढं सोप्पं होतं तुमच्या वेळी?”