राखमानिनोव्ह तिसरा: कट, कॅडेन्झा आणि 'ओरिजिनल'चा घोळ

राखमानिनोव्ह या रशियन संगीतकाराचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) कुणी भारी वाजवलाय हा वाद सुरू झाला की थोड्याच वेळात गाडी पहिल्या मूव्हमेंटच्या (भागाच्या) कॅडेन्झावर, म्हणजे पियानो एकटाच वाजतो त्या जागेवर, येते आणि तिथेच रुतून बसते. त्यामागचं थोडं.

सुरुवातीला तुलना करावी असं रेकॉर्डिंग हातात नव्हतंच. 1909 साली ग्रीग या दुसऱ्या संगीतकाराचा कॉन्चेर्टो रेकॉर्ड झाला तो सहा मिनिटांत, अर्ध्या तासाच्या कामातलं काय उरलं असेल बघा. पुढे 1925 ला मायक्रोफोन आला, आवाज सुधारला, पण 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकडीची बाजू चार-साडेचार मिनिटांचीच राहिली. 1948 ला एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि मग खरी तुलना सुरू झाली.

आता कट, म्हणजे रचनेतले काही तुकडे गाळून वाजवणं. तिसऱ्याचं पहिलं रेकॉर्डिंग 1930 चं, त्यात कट आहेत. खुद्द संगीतकाराच्या 1939-40 च्या रेकॉर्डिंगमध्येही आहेत, ते साधारण 34 मिनिटांत संपतं, आणि अख्खं वाजवलं तर चाळिशीच्या आसपास किंवा पुढेच जातं. त्यामुळे नुसती मिनिटं बघून 'हा किती फास्ट वाजवतो' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. तबकडी पुरत नव्हती म्हणून कट, हे नेहमीचं उत्तर, पण 1951 चं गाजलेलं रेकॉर्डिंग एलपीच्या काळातलं असून त्यातही कट आहेतच, म्हणजे ती तेव्हाची सवयच होती.

आणि कॅडेन्झा. संगीतकाराने दोन लिहिलेत, एक हलका, पळता, टोकाटासारखा (भरभर बोटं पळवणाऱ्या तुकड्यासारखा), आणि दुसरा मोठा, जाडजूड कॉर्ड्सचा (एकदम अनेक सूर दाबलेला), जो छापील प्रतीत 'ओसिया' म्हणून दिलाय. ओसिया म्हणजे इटालियनमध्ये 'किंवा', बस एवढंच. पण लोक मोठ्यालाच 'ओरिजिनल' म्हणतात, मग दुसरा कुणीतरी हलक्याला ओरिजिनल म्हणतो, आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल पानभर भांडतात! संगीतकार स्वतः हलका वाजवायचा. 1958 ला मॉस्कोची स्पर्धा जिंकलेल्या अमेरिकन तरुणाने मोठा वाजवला, ते लाइव्ह रेकॉर्डिंग खूप गाजलं, आणि हळूहळू मोठा वाजवला नाही तर पियानिस्ट घाबरला असं बोललं जायला लागलं. 1996 च्या एका सिनेमानंतर तर 'जगातला सगळ्यात अवघड कॉन्चेर्टो' हे पालुपद कानी कपाळी. माझं विचाराल तर मोठा कॅडेन्झा मूव्हमेंटचा कळस फार लवकर उरकून टाकतो. दोन्ही पाठोपाठ ऐका, पुढे दोन्ही एकाच जागी येतात, पियानो खाली शांत लहरत राहतो आणि वर फ्लूट ती पहिली ट्यून घेते, मग ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न. हलक्यानंतर तो फ्लूट ओघात येतो, मोठ्यानंतर तो येईपर्यंत आपणच दमलेलो असतो.

सीडीनंतर ढिगाने रेकॉर्डिंग आली आणि 2007 चं प्रकरण झालं. एका पियानिस्ट बाईंच्या नावावरच्या सीडी कौतुकाने ऐकल्या जात होत्या, कुणीतरी त्यातली लिस्ट या संगीतकाराच्या रचनांची एक कॉम्प्युटरमध्ये घातली तर सॉफ्टवेअरने भलत्याच पियानिस्टचं नाव दाखवलं. खोदत गेल्यावर कळलं की दुसऱ्यांचीच रेकॉर्डिंग, काहींचा वेग थोडा बदललेला, आणि त्यात कॉन्चेर्टोही होते. हाच तिसराही होता. एका समीक्षकाने तेच वादन आधी खऱ्या नावाने ऐकून नाक मुरडलं होतं, आणि बाईंच्या नावाने आल्यावर डोक्यावर घेतलं.