गाठ न धरणारा कर्करोग

मूत्राशयाचा कर्करोग म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: गाठ केवढी आहे? बहुतेक वेळा तो रास्तच असतो. दहापैकी नऊ रुग्णांमध्ये हा रोग मूत्राशयाच्या आतल्या अस्तरात सुरू होतो आणि बऱ्याचदा पोकळीच्या दिशेने वाढतो. लघवीतून रक्त जातं, दुर्बिणीतून गाठ दिसते, खरवडून काढता येते. याच अस्तरातून उद्भवणारा प्लाझ्मासायटॉइड नावाचा एक प्रकार मात्र असा सरळ वागत नाही. तो शंभरात एखाद-दोघांनाच होतो, पण झाला की आकाराच्या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की नेहमीच्या कर्करोगात पेशींचे एकमेकींना चिकटलेले पुंजके दिसतात. इथे पेशी सुट्या असतात. गोलसर, केंद्रक एका कडेला सरकलेलं, एकेकटी किंवा एकामागे एक रांगेत, स्नायूंच्या धाग्यांमधून वाट काढत निघालेली. दिसायला अगदी प्लाझ्मा पेशींसारखी, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींसारखी, म्हणून हे नाव. गंमत अशी की प्लाझ्मा पेशी ओळखण्यासाठी वापरतात ती सीडी१३८ ही खूणही या पेशींवर सापडते. मायलोमाशी, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाशी, गल्लत होऊ नये म्हणून पॅथॉलॉजिस्टला केराटिनसारख्या अस्तराच्या खुणा तपासून खात्री करावी लागते.

पेशी सुट्या का होतात, याचं उत्तर ई-कॅडहेरिन या प्रथिनात आहे. शेजारशेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावरून त्याचे रेणू बाहेर येऊन एकमेकांना धरतात. ही पकड कॅल्शियमवर अवलंबून असते. कॅल्शियम काढून घेतलं की पेशी अलग होतात. जपानचे मासातोशी ताकेइची यांनी कॅडहेरिनचा शोध लावला तो याच धाग्यावरून. या प्रथिनाचा आराखडा सीडीएच१ या जनुकात असतो. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी दाखवलं की प्लाझ्मासायटॉइड प्रकारच्या सुमारे ८४ टक्के गाठींमध्ये हे जनुक निकामी झालेलं असतं. दोरा तुटलेल्या माळेच्या मण्यांसारख्या मग पेशी विखुरतात.

याच जनुकातला जन्मजात दोष काही कुटुंबांमध्ये पिढ्यानपिढ्या जठराचा कर्करोग घडवतो. १९९८ साली तो न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात सापडला. मूत्राशयातला हा बिघाड मात्र आयुष्यात नंतर, गाठीतल्या पेशींमध्येच होतो. त्यामुळे मुलाबाळांनी धसका घ्यायचं कारण नाही.

विखुरण्याचा खरा उपद्रव उपचारांच्या वेळी कळतो. भिंत नुसती जाड झालेली दिसते आणि रोग तोवर बाहेरच्या चरबीत पोचलेला असतो. स्कॅनवर तो आहे त्यापेक्षा कमी भासतो. पेशी पोटातल्या पडद्यांच्या थरांमधून सरकतात, मूत्रवाहिनीच्या कडेने वर चढतात, गुदाशयाला वेढतात. मूत्राशय काढल्यावरही कापलेल्या कडेवर रोग सापडण्याचा धोका इथे जास्त असतो. आणि रोग उलटला तर तो अनेकदा पेरिटोनियमवर, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणावर उगवतो, जिथे बारीक ठिपके स्कॅनला सहज चकवतात.

केमोथेरपीला तो दाद देत नाही असं मात्र नाही. २०१३ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने ३१ रुग्णांचा आढावा घेतला. औषधांनी रोग मागे हटत होता, काहींच्या मूत्राशयात तर तो जवळपास दिसेनासा झाला. तरीही पुढे तो उलटत राहिला. आयुर्मानाचा मध्यांक सुमारे दीड वर्ष निघाला. मध्यांक म्हणजे मुदत नव्हे. निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, आणि निदानाच्या वेळीच दूरवर पसरलेला रोग असलेले रुग्णही याच आकड्यात मिसळलेले आहेत. माझ्या मते डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा, की रोग कुठवर गेला आहे.

पसरलेल्या रोगात एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांच्या जोडीने अलीकडे चित्र बदललं आहे. २०२३ साली जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत जुन्या केमोथेरपीवर आयुर्मानाचा मध्यांक १६.१ महिने होता, या जोडीवर ३१.५. पण अशा चाचण्यांमधले बहुसंख्य रुग्ण नेहमीच्या प्रकाराचे असतात. प्लाझ्मासायटॉइडच्या रुग्णाला हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.