पॉश म्हणजे बोटीचं तिकीट नव्हे
सांगलीत कुणी विश्रामबागला फ्लॅट घेतला की आपण म्हणतो, पॉश आहे बरं का. त्यावरचा जुना मेसेज परत फिरतोय की पॉश म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', भारतात येताना बोटीची डावी बाजू आणि परत जाताना उजवी, म्हणजे सावलीतली महागडी केबिन, आणि ही अक्षरं तिकिटावर छापायचे. ऐकायला पटतंच. पण असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि ही गोष्ट छापून यायला लागली १९३० नंतर, शब्द मात्र ह्याच अर्थानं १९१४ पासून मिळतो. त्याही आधी, १८९० च्या सुमाराला, पॉश म्हणजे छानछोकीत राहणारा माणूस, आणि १८३० च्या आसपास चोरांच्या बोलीत पैसा किंवा अर्धी पेनी, हा शब्द बहुतेक रोमानीतून, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेतून आलेला, तिथं त्याचा अर्थ 'अर्धा'. ऑक्सफर्डची मोठी इंग्रजी डिक्शनरी उघडून बघा, शब्दाखाली जुनी वाक्यं वर्षासकट दिलेली असतात.