डिझेलचा वास आणि म्हातारे झालेले रबर

"जुनी डिझेल गाडी म्हटल्यावर थोडाफार वास यायचाच," असे गाडीचे मालक सांगतात आणि बरेच मेकॅनिकही मान डोलावतात. हे मान्य करू नये. टाकीपासून इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणाऱ्या भागापर्यंत, आणि तिथून परत टाकीपर्यंत डिझेलचा रस्ता बंदिस्त असतो. टाकीला हवा मिळण्यासाठी ठेवलेली बारीक वाट तेवढी सोडा. गाडी नवी असताना हा रस्ता बंद होता, वीस वर्षांनीही तो बंद ठेवता येतो. आत बसल्यावर कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल कुठेतरी पाझरते आहे. आणि त्या जागी बहुधा रबराचा एखादा छोटा तुकडा असतो.

आधी डिझेलचा स्वभाव पाहू. पेट्रोल सांडले की काही मिनिटांत उडून जाते. डिझेलचे रेणू मोठे, साधारण 10 ते 20 कार्बन अणूंचे, आणि ते उकळतात सुमारे 180 ते 360 अंश सेल्सिअसच्या दरम्यान. त्यामुळे सांडलेला थेंब तिथेच राहतो आणि दिवसेंदिवस वास देतो. शिवाय डिझेलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो. ते धातूवर पातळ पसरते, नळीच्या कडेने सरकते, बोल्टच्या आट्यांतून वर चढते. म्हणून ओली दिसणारी जागा आणि गळणारी जागा यांत वीतभर अंतर असू शकते.

हा वास गंधकाचा, असा एक समज आहे. गंधक जवळजवळ पूर्ण काढलेल्या डिझेललाही वास येतोच. त्याचा मोठा भाग ॲरोमॅटिक रेणूंचा असतो, म्हणजे ज्यांच्यात बेंझीनसारखे सहा कार्बनचे कडे असते असे रेणू. यांना लक्षात ठेवा, गळतीच्या गोष्टीतही तेच येणार आहेत.

वास कधी येतो यावरून बरेच कळते. सिग्नलला उभे असताना, पंखा चालू केल्यावर येत असेल तर गळती बहुधा बॉनेटखाली आहे, कारण केबिनची हवा पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून आत येते आणि ती जाळी इंजिनाला लागूनच असते. टाकी काठोकाठ भरल्यावरच येत असेल, तर टाकीच्या वरच्या बाजूचे गॅस्केट किंवा भरण्याच्या तोंडाची रबरी नळी पाहावी. थंड इंजिन सुरू करताना पांढऱ्या धुराबरोबर येत असेल तर ती गळती नव्हे. बहुधा हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणारा प्लग, गेल्यामुळे डिझेल न जळताच बाहेर पडत असते. आणखी एक खूण. अनेक जुन्या गाड्यांत इंजिनाकडचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो. त्या ओढणाऱ्या नळीला चीर गेली तर चालू इंजिनात डिझेल बाहेर न येता हवा आत जाते. गाडी एअर घेते, सकाळी सुरू व्हायला त्रास देते, पण वास फारसा येत नाही. वास येतो तो पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूने, किंवा इंजेक्टरमधून उरलेले डिझेल परत नेणाऱ्या बारीक रिटर्न नळ्यांतून.

आता रबर. या सगळ्या लेखात मला सर्वांत प्रिय भाग हाच.

जुन्या पंपांच्या ओ-रिंग, म्हणजे सांध्याच्या खाचेत दाबून बसवलेली गोल रबरी कडी, बहुतेक नायट्राइल रबराच्या असतात. रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या, जागोजागी आडव्या बंधांनी बांधलेल्या. डिझेलमध्ये ठेवल्यावर इंधनाचे रेणू या साखळ्यांच्या मधे शिरतात आणि रबर फुगते. बंध नसते तर ते विरघळूनच गेले असते. पण साखळ्या जितक्या ताणल्या जातात तितक्या जोराने त्या मागे खेचतात, कारण ताणलेल्या साखळीला वळण्या-वाकण्याचे पर्याय कमी उरतात आणि निसर्गाची ओढ जास्त पर्यायांच्या स्थितीकडे असते. मिसळण्याची ओढ आणि साखळ्यांचा ताण जिथे समसमान होतात तिथे फुगणे थांबते. पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी 1943 मध्ये या समतोलाचे समीकरण मांडले. रबर किती फुगेल हे त्यात दोन गोष्टींवर ठरते: बंध किती दाट आहेत, आणि आत शिरणाऱ्या रेणूंचे रबराशी किती जमते. नायट्राइलचे सरळ साखळीच्या तेलकट रेणूंशी फारसे जमत नाही, ॲरोमॅटिक रेणूंशी मात्र बरेच जमते.

म्हणजे पंपातली ओ-रिंग कायम थोडी फुगलेली असते, आणि हे फुगणे खाच भरायला मदतच करते. पण इंजिनाची उष्णता आणि ऑक्सिजन यांमुळे रबरात वर्षानुवर्षे नवे बंध तयार होत राहतात, तेही ओ-रिंग दाबलेल्या अवस्थेत असताना. चपटा आकार हाच तिचा मूळ आकार होऊन बसतो. उसळी संपते. आता गळती अडवून ठेवलेली असते ती मुख्यतः फुगलेपणाने. अशा वेळी कमी ॲरोमॅटिक असलेले डिझेल आले, की आत मुरलेले ॲरोमॅटिक रेणू हळूहळू बाहेर पडतात, रबर आकसते आणि फट उघडते.

हे प्रत्यक्षात घडले आहे. ऑक्टोबर 1993 मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचे डिझेल सक्तीचे झाले आणि कॅलिफोर्नियाने त्याबरोबर ॲरोमॅटिकवरही मर्यादा घातली. त्यानंतर जुन्या गाड्यांचे पंप गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. लोकांनी दोष इंधनाला दिला. मात्र ताज्या रबराच्या ओ-रिंग त्याच इंधनात नीट टिकत होत्या. इंधन बदलल्याने रबराचे लपलेले म्हातारपण उघडे पडले, एवढेच.

थंडीतही असेच होते. तापमान उतरल्यावर रबर धातूपेक्षा सुमारे दहापट आकसते, शिवाय कडक होते. म्हणून सकाळी गळणारा पंप गरम झाल्यावर कोरडा दिसतो, आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो.

इंधनाच्या नळीवर चुंबक बसवला की डिझेल 'शुद्ध' जळते आणि वासही जातो, असे सांगणारे विक्रेते आहेत. डिझेलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा ज्वलन बदलेल असा कोणताही परिणाम होत नाही. चुंबकाने ना ज्वलन सुधारते, ना फट बुजते. ते पैसे ओ-रिंगांच्या संचावर खर्च करावेत, शक्यतो फ्लोरोइलास्टोमरच्या. त्या रबरात फ्लोरिन असल्याने ते इंधनात फारच कमी फुगते आणि उष्णताही जास्त सोसते.

शोधताना पहिला नियम: चालू इंजिनात हाताने चाचपू नये. जुन्या इंजेक्टरमध्येही शंभराहून जास्त बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) दाब असतो, नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते अशा गाड्यांत, हजाराच्या वर. एवढ्या दाबाची बारीक धार त्वचा भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रियेची वेळ येते. संशय असलेल्या जागेसमोर पुठ्ठा धरावा. ही धार तुषार होऊन टर्बोच्या तापलेल्या भागावर पडली तर पेटूही शकते, म्हणून ताज्या डिझेलचा वास येत असताना गाडी दामटू नये.

इंजिन बंद आणि थंड असताना पंप, इंजेक्टर आणि नळ्या पुसून कोरड्या कराव्यात, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी, थोडा वेळ इंजिन चालवून बंद करावे आणि पाहावे. पावडर जिथे आधी काळपट होईल तिथे उगम. रात्री खाली पुठ्ठा ठेवला तर थेंब कोणत्या बाजूला पडतो तेही कळते. अंधारात अतिनील टॉर्चखाली डिझेल फिकट निळसर चमकते. ही चमकही त्यातल्या ॲरोमॅटिक रेणूंचीच. डिपस्टिक काढून इंजिन ऑइलची पातळी पाहायला विसरू नये. ती वाढलेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर काही गाड्यांत पंपाच्या शाफ्टचे सील आतल्या बाजूने गळत असते, बाहेर कितीही पुसले तरी ते सापडणार नाही.

नाकावर विश्वास ठेवायचा तो पहिल्या काही श्वासांपुरताच. गंधाची जाणीव मिनिटांत बोथट होते, म्हणून रात्रभर बंद राहिलेल्या गाडीचे दार सकाळी उघडताना येणारा वास सर्वांत खरा. दुरुस्तीनंतरही तो काही दिवस येत राहील, कारण गालिच्यात आणि सीटच्या फोममध्ये मुरलेले जड रेणू सहज उडत नाहीत. साबणाच्या पाण्याने ते निघतात, सुगंधी फवाऱ्याने नाही. गालिचा धुऊन उन्हात वाळवल्यावरही वास पुन्हा तितकाच वाढला, तर टाल्कम पावडर परत बाहेर काढावी आणि या वेळी रिटर्न नळ्यांपासून सुरुवात करावी.