शेवटची नोंद कोणाची : परदेशी पार्सलचे ट्रॅकिंग आणि पोचपावती यांची पार्श्वभूमी

परदेशातल्या ग्राहकाला माल पाठवणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यांचा एक वाद नेहमीचा आहे. ट्रॅकिंगच्या पानावर ‘डिलिव्हर्ड’ अशी नोंद दिसते आणि ग्राहक मात्र पार्सल मिळालेच नाही असे सांगतो. अशा वेळी दोघांपैकी एक जण खोटे बोलत असणार असे धरले जाते. प्रत्यक्षात दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता बरीच असते, कारण ती नोंद मुळात विक्रेता आणि ग्राहक यांच्यातला वाद मिटवण्यासाठी ठेवली जातच नव्हती. माल वाहून नेणाऱ्यांमध्ये नुकसान कोणाच्या माथी मारायचे हे ठरवण्यासाठी ती सुरू झाली, आणि तिच्या आजच्या बहुतेक उणिवा त्या मूळ हेतूतून आलेल्या आहेत.

ब्रिटनच्या टपाल खात्याने जानेवारी १८४१ मध्ये नोंदणीकृत पत्राची सेवा सुरू केली. पत्र स्वीकारताना पावती द्यायची, पुढे ते ज्या ज्या कर्मचाऱ्याच्या हातात जाईल त्याची सही घ्यायची आणि शेवटी पत्ता असलेल्या माणसाची सही घ्यायची, अशी ही साधी रीत होती. पत्र हरवले तर ज्याच्या सहीनंतर माग तुटला तो जबाबदार. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ देशांनी करार करून सामाईक टपाल संघ स्थापन केला, आणि १८७८ साली पॅरिसच्या परिषदेत त्याला जागतिक टपाल संघ हे नाव मिळाले. तेव्हा हीच रीत देशादेशांमध्ये लागू करावी लागली. पॅरिसच्या करारात नोंदणीकृत वस्तू हरवल्यास पाठवणाऱ्याला ५० फ्रँक भरपाई देण्याची तरतूद होती, आणि ती भरपाई कोणत्या देशाने द्यायची याचे उत्तरही त्यातच होते : ज्या देशाच्या हद्दीत वस्तूचा माग नाहीसा झाला, त्याने. या एका वाक्यात पुढच्या सगळ्या ट्रॅकिंगचे तर्कशास्त्र आले आहे. माल दुसऱ्याच्या ताब्यात गेल्याची नोंद झाली, की पहिल्याची जबाबदारी संपली. भरपाई मागणारा पाठवणारा आणि देणारे टपाल खाते, एवढेच या व्यवस्थेतले पक्ष होते. घेणारा फक्त सही करण्यापुरता होता.

पार्सलांसाठी १८८० साली पॅरिसमध्येच वेगळा करार झाला. वस्तू पोचल्यावर घेणाऱ्याची सही असलेले कार्ड पाठवणाऱ्याकडे परत येण्याची सोयही टपाल संघाच्या नियमांत होती. फिकट रंगाचे ते कार्ड आजही सीएन ०७ या क्रमांकाने ओळखले जाते, आणि सही वाचता येवो न येवो, कित्येक दशके परदेशी बटवड्याचा सर्वांत भक्कम पुरावा तेच होते.

त्या काळच्या व्यापाराला याहून जास्त पुराव्याची फारशी गरजही नव्हती, कारण कायदा विक्रेत्याच्या बाजूने होता. ब्रिटनच्या १८९३ च्या माल विक्री कायद्यातील कलम ३२ नुसार, ग्राहकाकडे पोचवण्यासाठी माल वाहतूकदाराच्या हवाली केला म्हणजे तो सर्वसाधारणपणे ग्राहकालाच दिला असे मानले जाई. वाटेत काही झाले तर तोटा बहुधा ग्राहकाचा. हा नियम दोन व्यापाऱ्यांच्या व्यवहारात चालून गेला, कारण दोघेही विमा उतरवत आणि दोघांनाही वाहतुकीचे धोके ठाऊक असत. एखादे खेळणे किंवा मोबाइलचे कव्हर मागवणाऱ्या घरगुती ग्राहकाला तो लावणे कठीण होते. युरोपीय संघाने २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशात तो उलटवला : ग्राहक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती मालाचा प्रत्यक्ष ताबा घेईपर्यंत धोका विक्रेत्याचाच राहतो, वाहतूकदार ग्राहकाने स्वतः ठरवला असेल तेवढा अपवाद सोडून. विक्रेत्यांना पोचपावतीची इतकी निकड का भासू लागली, याचे अर्धे उत्तर या उलथापालथीत आहे. उरलेले अर्धे उत्तर पैसे चुकते करण्याच्या नव्या पद्धतींमध्ये आहे, पण त्याआधी कुरिअर कंपन्यांकडे वळायला हवे.

ट्रॅकिंग ही विकण्याजोगी गोष्ट आहे हे टपाल खात्यांना नव्हे, तर खासगी कुरिअर कंपन्यांना सुचले. फेडरल एक्स्प्रेसने (म्हणजेच फेडेक्सने) १९७३ मध्ये मेम्फिसहून विमानसेवा सुरू केली आणि १९७९ मध्ये ‘कॉसमॉस’ नावाची मध्यवर्ती संगणक प्रणाली उभारली. पार्सलइतकीच पार्सलची माहितीही महत्त्वाची असते, हे तिचे संस्थापक फ्रेड स्मिथ यांचे प्रसिद्ध मत. १९८६ मध्ये त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या हातात ‘सुपरट्रॅकर’ हे बारकोड वाचणारे यंत्र आले. १९९१ च्या सुमारास यूपीएस या दुसऱ्या कुरिअर कंपनीने आपल्या चालकांना ग्राहकाची सही थेट पडद्यावर घेणारी पाटी दिली. १९९४ साली फेडेक्सने संकेतस्थळावर नंबर टाकून पार्सल कुठे आहे ते पाहण्याची सोय केली, आणि तोवर फोनवरच्या कर्मचाऱ्यापुरती असलेली माहिती कोणालाही घरबसल्या दिसू लागली. या कंपन्यांना हे सोपे गेले याचे कारण उघड आहे : घेण्यापासून देण्यापर्यंत पार्सल एकाच कंपनीच्या किंवा तिच्या हस्तकांच्या ताब्यात असते आणि सगळे स्कॅन एकाच संगणकात जमा होतात. टपालाचे पार्सल मात्र सीमेवर एका देशाच्या खात्याकडून दुसऱ्याच्या ताब्यात जाते. पाठवणाऱ्या देशाच्या खात्याचा संगणक वेगळा, घेणाऱ्या देशाचा वेगळा, आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावण्याचे काम टपाल संघाला करावे लागले.

त्या कामाचा दृश्य भाग म्हणजे एस-१० या मानकाचा तेरा चिन्हांचा नंबर. पहिली दोन अक्षरे सेवेचा प्रकार सांगतात : ‘आर’ने सुरू होणारा नंबर नोंदणीकृत वस्तूचा, ‘ई’ने सुरू होणारा स्पीड पोस्टसारख्या ईएमएस सेवेचा, ‘सी’ने सुरू होणारा पार्सलचा. शेवटची दोन अक्षरे पाठवणाऱ्या देशाची. मध्ये आठ अंकी क्रमांक आणि त्यानंतर एक पडताळणीचा अंक असतो. हा अंक काढण्याची पद्धत मजेशीर आहे. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणायचे, बेरीज करायची, तिला ११ ने भागून उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. क्रमांक १२३४५६७८ असेल तर बेरीज २०४ येते, बाकी ६ उरते आणि पडताळणीचा अंक ५ ठरतो. टंकताना २ आणि ३ यांची अदलाबदल झाली तर तोच अंक ३ यायला हवा, म्हणून चूक तिथल्या तिथे पकडली जाते. अर्थात नंबर नियमात बसतो एवढेच यातून कळते. त्या नंबराचे पार्सल खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे कळत नाही. बनावट नंबर देऊन वेळ काढणाऱ्या विक्रेत्यांनी याच फटीचा फायदा घेतला.

नंबरामागची खरी यंत्रणा खात्यांमध्ये फिरणाऱ्या संदेशांची आहे. प्रत्येक टप्प्याला तीन अक्षरी खूण असते : ईएमए म्हणजे वस्तू स्वीकारली, ईएमसी म्हणजे ती पाठवणाऱ्या देशाच्या विनिमय कार्यालयातून, म्हणजे परदेशी टपालाची देवाणघेवाण करणाऱ्या कार्यालयातून, निघाली, ईएमडी म्हणजे घेणाऱ्या देशाच्या विनिमय कार्यालयात आली, ईएमई म्हणजे सीमाशुल्क विभागाने अडवून ठेवली, ईएमएच म्हणजे बटवड्याचा प्रयत्न फसला आणि ईएमआय म्हणजे बटवडा झाला. ग्राहकांची सगळी घालमेल ईएमसी आणि ईएमडी यांच्यामधल्या शांततेत होते. ‘निघाली’ ही नोंद विमान उडाल्याची नसते. वस्तू थैलीत घालून थैली बंद केली, की ही नोंद होते. त्यानंतर वस्तू एकटी कोणालाच दिसत नाही. विमान कंपनी थैलीवरचा २९ चिन्हांचा वेगळा बारकोड वाचते, आणि थैली विमानतळावर जागेअभावी आठवडाभर पडून राहिली तरी आतल्या वस्तूच्या पानावर काहीच हलत नाही. पलीकडे थैली फोडून एकेक वस्तू वाचली जाते तेव्हाच माग पुन्हा सुरू होतो. १८७८ च्या करारातला ‘माग नाहीसा झालेला देश’ शोधायचा तर नेमके याच जागी अडते, आणि म्हणूनच कोणत्या थैलीत कोणत्या वस्तू आहेत याची यादी आधीच पलीकडे पाठवणारे संदेश टपाल संघाला बसवावे लागले.

तंत्र आले तरी पैशाचा प्रश्न उरला. परदेशातून आलेले टपाल वाटण्याचा खर्च घेणाऱ्या देशाला मिळावा, ही व्यवस्था १९६९ च्या टोकियो परिषदेपासून सुरू झाली. तोवर जाणारे आणि येणारे टपाल सारखेच असते असे मानून कोणी कोणाला काही देत नसे. पण छोट्या पाकिटांचे हे दर पत्रांच्या हिशेबाने ठरलेले होते आणि त्यांत दारात स्कॅन करण्याची मजुरी धरलेली नव्हती. साहजिकच स्वस्त पाकिटाचा माग सीमेपर्यंत येई आणि तिथे संपे. ज्या खात्याला स्कॅनचे पैसे मिळत नाहीत ते स्कॅन करत नाही, यात निष्काळजीपणा कमी आणि हिशेब जास्त होता. २०१० च्या सुमारास अमेरिकेच्या टपाल सेवेने हाँगकाँग आणि चीनच्या टपाल खात्यांशी करार करून ‘ई-पॅकेट’ सेवा आणली. दोन किलोपर्यंतच्या पाकिटाला दारापर्यंतचा स्कॅन, पण सही नाही. सही नसलेला स्कॅन हीच पोचपावती, ही तडजोड स्वस्त आंतरराष्ट्रीय विक्रीत तेव्हापासून रुजली.

तडजोड रुजण्यामागे ग्राहकाचे पैसे विक्रेत्याला चुकते करणाऱ्या मध्यस्थांचा वाटा मोठा होता. अमेरिकेत १९७४ च्या एका कायद्याने क्रेडिट कार्डधारकाला, न मिळालेल्या मालाच्या बिलावर हरकत घेण्याचा हक्क दिला होता, आणि कार्ड कंपन्यांच्या नियमांतून तशीच सोय जगभर पसरली; ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीला व्हिसा या कार्ड कंपनीच्या नियमांत आज १३.१ हा क्रमांक आहे. या तक्रारींचा निवाडा करणाऱ्याला ना विक्रेता ओळखीचा ना ग्राहक, आणि दिवसाला ढिगाने येणाऱ्या प्रकरणांत साक्षीपुरावे तपासायला वेळही नाही. त्याला हो किंवा नाही असे यंत्राने वाचता येणारे उत्तर हवे होते, आणि ते ट्रॅकिंगमध्ये मिळाले. ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा देणाऱ्या पेपालच्या विक्रेता संरक्षणाच्या अटी पाहिल्या तर हे स्पष्ट होते : बटवड्याची नोंद हवी, तारीख हवी आणि पत्त्यातले किमान शहर व राज्य किंवा पिनकोड जुळायला हवा, ७५० डॉलर किंवा त्यापुढच्या व्यवहाराला सहीही हवी. वाहतूकदारांमधल्या हिशेबाची नोंद अशा रीतीने तिसऱ्याच दोन पक्षांमधला निकाल ठरली.

किमान शहर जुळावे या अटीतली फट लबाडांनी लवकरच हेरली. ग्राहकाच्याच शहरातल्या भलत्याच पत्त्यावर एखादे रिकामे पाकीट पाठवायचे. ट्रॅकिंग त्या शहरात ‘डिलिव्हर्ड’ दाखवते आणि तक्रार फेटाळली जाते. प्रामाणिक ग्राहकाने टपाल कार्यालयात जाऊन ‘हा नंबर माझ्या पत्त्याचा नव्हे’ असे लिहून आणायचे, एवढाच मार्ग त्याच्याकडे उरतो, आणि सगळी कार्यालये तसे लिहून देत नाहीत. उलट दिशेची लबाडीही आहेच : माल घेऊन हात वर करणारा ग्राहक आणि सही नसलेल्या स्कॅनवर विसंबलेला विक्रेता. न मागवलेली पाकिटे अनोळखी पत्त्यांवर पाठवून विक्रीचे खोटे आकडे आणि परीक्षणे तयार करण्याचा ‘ब्रशिंग’ हा प्रकार तर पोचपावतीच्या विश्वासार्हतेवरच उभा आहे. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या हजारो घरांत न मागवलेल्या बियाण्यांची पाकिटे आली, तेव्हा तिथल्या कृषी खात्याने हाच संशय व्यक्त केला होता.

दरम्यान ट्रॅकिंगच्या माहितीवर एका नव्याच पक्षाने हक्क सांगितला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या दोन पार्सलांत, प्रिंटरच्या काडतुसांत दडवलेले बाँब दुबई आणि इंग्लंडमधील ईस्ट मिडलँड्स या विमानतळांवर सापडले. ती शोधता आली ती सौदी गुप्तचरांनी कळवलेल्या ट्रॅकिंग नंबरांमुळे. त्यानंतर पार्सल विमानात चढण्याआधीच त्यातल्या मालाची माहिती घेणाऱ्या देशाला मिळावी, असा आग्रह वाढत गेला. अमली औषधांच्या टपालाला आळा घालण्यासाठी अमेरिकेने २०१८ मध्ये केलेल्या कायद्याने, आणि युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमांनी, ही आगाऊ इलेक्ट्रॉनिक माहिती टपालालाही बंधनकारक केली. टपाल संघाने २०१८ पासून माल असलेल्या छोट्या पाकिटांवरही एस-१० बारकोड सक्तीचा केला, तो मुख्यतः याच माहितीशी पाकीट जोडता यावे म्हणून. पाकिटावर बारकोड आहे म्हणजे त्याचा दारापर्यंत माग लागेल, असे समजणाऱ्या विक्रेत्यांची इथे फसगत होते : ‘यू’ने सुरू होणारा नंबर सीमाशुल्कासाठी असतो, बटवड्याच्या नोंदीचे आश्वासन त्यात नसते.

कोविडच्या साथीने सहीची उरलीसुरली प्रतिष्ठाही घालवली. २०२० मध्ये संसर्ग टाळण्यासाठी अनेक देशांच्या टपाल खात्यांनी ग्राहकाच्या हातात यंत्र देणे बंद केले. पोस्टमन नाव विचारून स्वतःच नोंद करू लागला, आणि दारात ठेवलेल्या पार्सलचा फोटो व त्या जागेचे अक्षांश-रेखांश हे नवे पुरावे म्हणून पुढे आले. ठिकाण सिद्ध करण्यात फोटो सहीपेक्षा सरस आहे, ताबा सिद्ध करण्यात मात्र कुचकामी. आणि ताबा मिळाला का, हाच युरोपीय कायद्याचा प्रश्न आहे. त्यामुळे महागड्या मालासाठी ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल न देण्याची पद्धत काही कुरिअर कंपन्यांनी स्वीकारली आहे. दोन देशांच्या टपाल खात्यांमधून जाणाऱ्या स्वस्त पाकिटाला ती सहसा मिळत नाही. त्याच्यासाठी विक्रेत्याच्या हाती आजही असतो तो चौकशीचा अर्ज, पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत भरायचा, ज्याचे उत्तर दोन खाती एकमेकांना विचारून देतात.