उपरी आणि आरोग्यदान (ख्रिस्ती धर्म)

उपरी म्हणजे जमातीबाहेरचा, येऊन राहिलेला माणूस; मराठी पवित्र शास्त्रातला हा शब्द. त्याला बरे करण्यापूर्वी त्याने ‘आपल्यातला’ व्हावे, अशी अट शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, नाही. कफर्णहूम गावचा शताधिपती (शंभर शिपायांचा नायक) यहूदी नव्हता, तरी येशू त्याचा चाकर बरा करतो. सुरफुनीकी या परक्या जातीच्या बाईला (मार्कचे शुभवर्तमान, अध्याय ७) मात्र येशूकडून आधी नकार मिळतो: मुलांची (म्हणजे यहूद्यांची) भाकर कुत्र्यांना (म्हणजे परक्यांना) घालणे बरे नव्हे. मेजाखालची कुत्रीही मुलांचा चुरा खातात, असे ती सुनावते आणि तिची मुलगी बरी होते. प्रवचनांत हा नकार बहुधा गुळमुळीत करून टाकतात.

लूक १७ मधले दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून हाका मारतात, कारण नियमच तसा होता. लेवीय या शास्त्रातल्या नियमग्रंथातला ‘कुष्ठरोग’ म्हणजे केवळ आजचा महारोग नव्हे. कातडीचे बरेच विकार, कापडावरची आणि भिंतीवरची बुरशीसुद्धा त्यात येते. बरे झाल्यावर याजकाने तपासायचे, मग दोन पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी धागा, एजोब नावाची वनस्पती, मुंडण, आणि आठव्या दिवशी अर्पणे. आभार मानायला परतलेला एकटा शोमरोनी, म्हणजे यहूद्यांच्या लेखी परका, होता. त्याने कोणत्या याजकाकडे जावे? यरुशलेमचे मंदिर त्याचे नव्हतेच.

लूक १० मध्ये वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आहे; तिथे तर खर्चच मांडला आहे: जखमेवर तेल व द्राक्षारस, पट्टी, स्वतःचे जनावर, उतारशाळेत दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त लागले तर परतताना देण्याचा शब्द.

नाशिककरांच्या तोंडी असलेले शरणपूर हे नावही याच शास्त्रातले. गणना या ग्रंथाच्या ३५ व्या अध्यायातली सहा शरणपुरे (नकळत मनुष्यहत्या घडलेल्याला आसरा देणारी नगरे) इस्राएलींइतकीच उपऱ्यांनाही खुली होती. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनसंस्थेने १८५० च्या दशकात वसवलेल्या नाशिकच्या या वस्तीत, अरबी समुद्रातल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले वाढली, कसब शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन याच्या शवपेटीसोबत लंडनला पोचला. आसरा खरा होता, पण त्याबरोबर बाप्तिस्मा आणि इंग्रजी नावही आले. शुभवर्तमानातल्या शोमरोन्याला कोणी नवे नाव दिले नव्हते.

कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्याच्या कपाळाला व हातांना तेल लावण्याचा संस्कार याजकच करतो आणि तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच आहे. इतरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला आडकाठी नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला ख्रिस्तेतर भाविकही मोठ्या संख्येने येतात.

घोटाळा होतो तो प्रार्थनेनंतर गोळ्या थांबवल्या की. क्षयरोगात काही आठवड्यांत खोकला, ताप ओसरतो आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटते. नेहमीचा कोर्स मात्र सहा महिन्यांचा. मध्येच सोडल्यास उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग अडवणारा कोणत्याही धर्माचा असो.