303 स्टेनलेसचे पार्ट बनवून घेताय? मग आधी एवढं वाचा

"ड्रॉइंगवर एसएस लिहिलंय ना, मग घ्या की बनवायला" असं बरेच जण म्हणतात आणि आम्ही उलट फोन करून विचारत बसतो, की पार्टला पुढे वेल्डिंग आहे का, वाकवणार आहात का, खाऱ्या पाण्यात जाणार का. काहींना त्याचा वैताग येतो हे माहितीये, पण काम अडतं ते इथेच, म्हणून एकदा लिहूनच काढलं.

303 आणि 304 हे स्टेनलेसचे दोन ग्रेड, जवळजवळ सारखेच. क्रोमियम 18 टक्क्यांच्या आसपास, निकेल 8 च्या वर, दोन्हीकडे तेच. खरा फरक गंधकाचा. 304 मध्ये ते जास्तीत जास्त 0.03 टक्के चालतं, 303 मध्ये मुद्दाम घातलेलं असतं, कमीत कमी 0.15 टक्के. हे गंधक मँगनीजशी जोडलं जातं आणि धातूत बारीक लांबट रेषांसारखं पसरतं, टूल तिथनं गेलं की चिप, म्हणजे कापताना निघणारी धातूची साल, तुटते. 304 लेथवर लावा, चिप दोऱ्यासारखी लांबच लांब येते, टूलला गुंडाळते, जॉबवर ओरखडे पाडते आणि ऑपरेटर मशीन थांबवून हुकने ती ओढत बसतो. 303 ची चिप तुकडे होऊन ट्रेमध्ये पडते. कापायला किती सोपं या हिशोबात फ्री कटिंग कार्बन स्टीलला 100 धरलं तर 303 ला साधारण 78 आणि 304 ला 45 धरतात, म्हणून तोच पार्ट 304 मध्ये मागितला की आमचा रेट वाढतो. नट, बुश, शाफ्ट, फिटिंग, जिथे ड्रिल आणि आट्यांचं काम भरपूर तिथे आम्ही 303 च सुचवतो, आटे एकमेकांत धरून बसायचा त्रासही कमी होतो.

आता मुख्य मुद्दा. 303 ला वेल्डिंग करू नका. पार्ट आमच्याकडून एकदम फर्स्ट क्लास जातो, तुमच्याकडे कोणीतरी तो ब्रॅकेटला टाका मारून जोडतं, आणि वेल्ड थंड होताना वेल्डच्या रेघेच्या मधोमध केसाएवढी चीर पडते. मग फोन येतो की मटेरियल खराब निघालं. मटेरियल खराब नसतं हो, ज्या गंधकाने चिप तुटते तेच इथे नडतं: वेल्ड गोठत आला तरी दाण्यांच्या मध्ये गंधकाचा पातळ थर वितळलेलाच राहतो आणि धातू आकसला की तिथनंच फाटतो. करंट कमी-जास्त करून हे सुटत नाही. फारच नाइलाज असेल तर 312 ची फिलर वायर वापरतात, तरी भार येणाऱ्या जागी आम्ही नाहीच म्हणतो. वेल्डिंग असेल तर ऑर्डरमध्ये एक ओळ लिहा, आम्ही 304 एल (कमी कार्बनचं 304) लावतो, दोन्हीचे बार आमच्याकडे असतातच.

वाकवायचं असेल तरी तेच, टाइट बेंड दिला की तडा जातो. गंजाच्या बाबतीत 303 हे 304 पेक्षा थोडं खाली, मीठ किंवा क्लोरिन असेल तिथे गंधकाच्या जागी बारीक खड्डे पडतात, तिथे 316 ग्रेड घ्या. आरशासारखं पॉलिश हवं असेल तरीही 303 नको. हीट ट्रीटमेंटने हे कडकही होत नाही, कडक हवं असेल तर 416 ग्रेड बघू.

चुंबक लावून 303 का 304 ते कळत नाही, थंड ओढलेला बार दोन्हीतला थोडा चिकटू शकतो. म्हणून मागितलंत तर हीट नंबरसकट (म्हणजे बार ज्या वितळवणीतून आला तिचा नंबर) टेस्ट सर्टिफिकेट देतो, त्यात गंधकाचा आकडा बघा.

आणि पॅसिव्हेशन (गंज लागू नये म्हणून ॲसिडच्या बाथमध्ये पार्ट बुडवणं) बाहेरून करून घेणार असाल तर त्यांना ग्रेड सांगा. साध्या नायट्रिक ॲसिडमध्ये 303 चा पार्ट काळपट पडू शकतो, सोडियम डायक्रोमेट घातलेला बाथ लागतो. आधी कटिंग ऑइल नीट धुवायला सांगा, किंवा सरळ आमच्याकडूनच करून न्या.